लुकासची थोरली लेक

“दानी, तिले सांग, यंदाबी कबरीजवळ येऊ नको म्हना... फाटकाबाहेरूनच काय प्रार्थना करायची ते कर म्हना!”

मग्दलीनाबाई हे बोलल्या तेव्हा ‘ती’ त्यांच्यापासून दोन हातांवर चुलीपुढे बसून चहाचे आधण ठेवत होती. आग्नेसने मान वर केली नाही. बाबांना तळ्याने गिळले त्या वर्षापासून आई तिच्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. जे सांगायचे ते धाकट्या दानिएलच्या तोंडून. दानी बिचारा अवघडून म्हणाला, “दीदी, आयकलं ना?” आणि आग्नेस म्हणाली, “हो.” एवढेच!

नाकाडोंगरीजवळच्या त्या गावात कॅथलिकांची घरे मोजकीच. तिचा बाप लुकास मँगनीजच्या खाणीत कामाला होता. दानी सात वर्षांचा आणि आग्नेस पंधराची असताना मग्दलीनाबाई आजारी पडून तुमसरच्या दवाखान्यात होत्या, आणि त्याच दिवसांत लुकास गावतळ्यात बुडून मेला. आई परतली ती थेट मातीलाच. “कायले गेले होते ते तळ्यावर?” या तिच्या किंकाळीला आग्नेसने उत्तर दिले होते, “मीच पाठवलं, आई... मले शिंगाडे खावेसे वाटले.” त्या एका वाक्याने तिचे सारे तारुण्य अपराधाच्या काळोखात बुडाले. तिच्यासाठी आलेली दोन स्थळे आईने दानीकरवीच परत पाठवली. आता तिशीला टेकलेली ही लेक उद्या नागपूरला निघणार होती, सिस्टरांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला. दानीचे लग्न ठरले होते आणि मांडवात तिची सावलीही आईला नको होती.

यंदा ग्रामपंचायतीचे मतदान नेमके मृतांच्या स्मरणदिनीच आले. सकाळच्या चर्चमधल्या मिस्सानंतर तिघेही शाळेकडे गेले. बायांची रांग एका अंगाला, पुरुषांची दुसऱ्या. दानीचे हे पहिलेच मत. तो शिक्का मारून, बोटावरची शाई वाळवत ओट्यावर आला तोच एका म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. कवडू ढिवर! पूर्वी गावतळ्यात लाकडी होडी घालून मासोळ्या धरायचा. पुढे लेकाबरोबर एकोडीला गेला, पण नाव अजून इथल्याच यादीत होते.

“लुकासचा दानी ना गा तू? केवढा झाला रे बाप्पा!” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. “याच हाताले धरून तुह्या बापानं तुले माह्या डोंग्यात टाकलं होतं. तुले वर देल्लं, अन् तो गेला गाळात... मले नाही काढता आला, पोरा!”

दानी हसला. म्हाताऱ्याची काही चूक होत असावी. “मी कुठं होतो, काका? बाबा तं दीदीसाठी शिंगाडे आणाले गेले होते.”

कवडू चपापला. “म्हंजे... तुले अजून सांगतलंच नाही?”

मग त्याला थांबता येईना. दानी एकटाच खेळत तळ्यात उतरला होता. बाप त्याच्यामागे धावला होता. पोर तापाने फणफणले, आठ-दहा दिवस शुद्धीत नव्हते, आणि उठले तेव्हा त्याला काहीच आठवेना. “तुह्या दीदीनं माहे पाय धरले गा. म्हने, काका, दानीचं नाव घेऊ नका, आई त्याच्या तोंडाकडे पाहनार नाही...”

मागे काहीतरी खाली पडल्यासारखा आवाज झाला. मग्दलीनाबाई ओट्याच्या पायरीवरच बसल्या होत्या. केव्हा आल्या, कुणालाच कळले नाही. पण चेहऱ्यावरून दिसत होते की सारे ऐकले आहे.

दानी धावतच बायांच्या रांगेपाशी गेला. “दीदी! काहून केलं तू असं? मले काहून नाही सांगितलं?”

आग्नेसने आधी कवडूकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. “तू लहान होता, दानी,” ती शांतपणे म्हणाली. “मले सहन झालं. तुले झालं नसतं.”

“अन् मोठा झाल्यावर?”

“तवा सवय झाली होती.”

ती रांगेतून हलली नाही. तिचा नंबर आला, आत गेली, मत देऊन आली. त्या दिवशी कोण निवडून आले, याची त्या घरात कुणी चौकशी केली नाही.

दुपारी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरले. आग्नेस सवयीने फाटकाबाहेर उभी राहिली. मग्दलीनाबाई लुकासच्या कबरीपर्यंत गेल्या, थबकल्या आणि एकदम मागे फिरल्या. लोक पाहत होते. त्या फाटकाशी आल्या, लेकीचे दोन्ही हात धरले.

“आग्नेस,” त्या म्हणाल्या, “तुह्या बापाले मी काय तोंड दाखवू व?”

“आई, रडू नको...”

“मले मारत काहून नाही तू? येवढी वर्सं, पोरी... येवढी वर्सं!”

आग्नेसने त्यांना छातीशी धरले तेव्हा तिच्या लक्षात आले, आई किती हलकी झाली आहे. मग आईनेच तिला फाटकातून आत नेले, आणि बापाच्या कबरीपुढे ती आईच्या शेजारी गुडघे टेकून बसली. दानी मागे उभा राहून लहान मुलासारखा हुंदके देत होता.

“दीदी, तू जाऊ नको नागपूरले,” तो म्हणाला. “माह्या लग्नात तूच मले हळद लाव.”

“लग्नाले येईन ना रे.” तिने डोळे पुसले. “पण जाईन मी. सिस्टरले शब्द देल्ला हाय. अन् खरं सांगू? मले आता आपलं काहीतरी पाहिजे, दानी. राग नाही माहा कोनावर.”

दानी आईकडे वळला. तिने अडवावे म्हणून. मग्दलीनाबाईंनी कबरीवरची माती हाताने सारखी केली. अडवण्याचा हक्क आपण केव्हाच गमावला आहे, हे त्यांना उमगले असावे.

“तथी तुले राहाले खोली देतीन काय?” त्यांनी विचारले.

“देतीन. लहानशी.”

“मंग नाताळ झाल्यावर...” म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला, “चार दिवस मले ठेवशील का तुह्याजवळ?”