खांबाजवळचा रिकामा चौकोन

शनिवारी दुपारी रत्नप्रभाबाई हार्डवेअरच्या दुकानातून पाच किलो फक्की घेऊन आल्या. घरच्यांना वाटलं, रांगोळीला आणली असेल. पण त्यांना मैदान आखायचं होतं.

मुलुंडच्या सुखदा कॉलनीतलं हे मैदान 'वापरात नाही' असं कुणीतरी कागदावर लिहून मोकळं झालं होतं. खेळाचं आरक्षण उठलं की तिथे बावीस मजली टॉवर येणार होता. साडेपाचला पालिकेचे साहेब पाहणीला यायचे होते आणि कॉलनीतली यच्चयावत पोरं नेमकी क्लासला गेलेली.

"मग खेळणार कोण?" सुनेनं, सईनं विचारलं.

"आम्ही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांपूर्वी ह्याच मैदानावर गाजलेला बायकांचा खो-खो संघ गुडघ्यांना बाम चोळून उतरला. नऊजणी हव्या होत्या, भरल्या आठ. नववी शकु, मालवणची, दोन वर्षांपूर्वी गेली. खांबाजवळचा तिचा चौकोन त्यांनी रिकामाच ठेवला. पळायला तीन सुना होत्या. पाच मिनिटांत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. सपना उठताना कलंडली ती बसल्याबसल्याच हसत राहिली.

"मला काय खो देतेस गं, मी आत्ताच बसले ना."

"मोतीबिंदू काढलाय माझा, गप बस."

साहेब कंपाउंडच्या भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते.

डिसेंबरचा दिवस, बघता बघता अंधारून आलं. रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. पाठलाग करणाऱ्या माधुरीच्या पोटरीत पलीकडच्या खांबाशी गोळा आला आणि ती पाय धरून खालीच बसली. खेळ थांबला. हसणंही थांबलं. पिंपळावरचे कावळे एकाएकी गप्प झाले.

"पाहिलं मी," साहेबांनी पेन उघडलं. "ह्याला वापर म्हणत नाहीत, बाई."

रत्नप्रभाबाईंची मुलं इथे चालायला शिकली होती. आता सगळं गेलं, असं वाटलं. त्या रिकाम्या चौकोनाच्या शेजारी बसल्या होत्या. तिकडून सुक्या बोंबलाचा आणि सुरंगीच्या गजऱ्याचा मिळून एक वास आला. मग पाठीवर हात पडला. इतका गार, की ब्लाउजच्या आत काटा आला.

"खो... धाव गो..."

वळून बघायची सोय नव्हती. खो मिळाला की उठायचं, हे अंगात मुरलेलं. चौसष्ट वर्षांच्या रत्नप्रभाबाई सुटल्या. भीतीने सुटल्या, खोटं कशाला बोला. पण चार पावलांत भीतीची जागा आनंदाने घेतली. कितीतरी वर्षांनी त्या अशा पळत होत्या. सईला खांबाजवळ हुलकावणी दिली आणि गाठलंच. सगळ्याजणींनी टाळ्या पिटल्या. माधुरी लंगडत नाचली.

तेवढ्यात साहेब खुर्चीतून ताडकन उठले.

"मागून... कोण बोललं?"

मग फाइल मांडीवर घ्यायचंही भान न राहता उभ्याउभ्याच त्यांनी भराभर लिहिलं. 'मैदान नियमित वापरात. आरक्षण कायम ठेवावे.' खाली सही ठोकली.

मग काय विचारता. बटाटेवडे आले, सपनाने शिट्टी वाजवली, एरवी सात वाजता दारं लावणारी कॉलनी खाली उतरली. रत्नप्रभाबाईंनी सईला घट्ट मिठी मारली.

साहेब वडा न घेताच निघाले. रिक्षात शिरायला वाकले, तेव्हा त्यांच्या निळ्या शर्टावर, पाठीच्या मधोमध, फक्कीचा पांढरा पंजा उमटलेला सगळ्यांना दिसला.

"आई..." सई हळूच म्हणाली. "त्यांची खुर्ची मीच लावली होती. भिंतीला टेकवून."