तीन ठोके

कार्ब्युरेटर ट्यून करायला दोन माणसं लागतात, असं थोरल्याचं म्हणणं. एक बॉनेटखाली स्क्रूवर, दुसरा केबिनमध्ये पेडलवर. जुन्या ट्रकच्या इंजिनापुढे ओरडून घसा कोरडा करण्यात काय अर्थ? म्हणून स्क्रूड्रायव्हरने मडगार्डवर ठोके. एक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे बंद कर आणि उतर. थोरला नियमाचा इतका पक्का, की तीन ठोके पडल्याशिवाय आभाळ कोसळलं तरी उतरायचा नाही.

आता धाकट्याचंही वय झालं होतं. कंबरेने संप पुकारला होता, आणि हा ट्रक एकदाचा नजरेआड व्हावा, असं त्याला तीन वर्षं वाटत होतं.

"भावजी, दुपारी माणूस गाडी न्यायला येतोय," वहिनी शटरपाशीच थांबून म्हणाली. शेडच्या आत ती पाऊल टाकत नसे. "तोवर नीट चालेल ना?"

"चालेल. तुम्ही जा घरी."

ती गेली. त्याने शटर पूर्ण वर सरकवलं, इंजिन सुरू केलं आणि बॉनेटखाली वाकला. स्क्रू अर्धा फेरा सैल केला. इंजिन खोकलं, सावरलं. हात कामात, डोकं भलतीकडे. सवयीने त्याने मडगार्डवर एक ठोका दिला.

इंजिनाचा आवाज चढला.

तार अडकली असेल, म्हणून त्याने तार पाहिली. मग स्प्रिंग पाहिली. दोन्ही ठीक होत्या. स्वतःलाच हसत त्याने दोन ठोके दिले. आवाज उतरला, शेवटी जरासा रेंगाळून. थोरला पेडल असंच सोडायचा.

उघड्या बॉनेटमुळे केबिन दिसत नव्हती. जाऊन पाहायचा त्याला धीर झाला नाही.

तीन वर्षांपूर्वी बाहेर बोचरं वारं होतं, म्हणून शटर खाली ओढलेलं. "इंजिन तापू दे, आलोच," म्हणून धाकटा सुटा भाग आणायला गेला आणि दुकानात तासभर गप्पा मारत बसला. परतला तेव्हा शेड धुराने भरली होती. थोरला सीटवर ताठ, पाय पेडलवर. धुराचं वहिनीला ठाऊक होतं. ठोक्यांचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "चुकलं माझं. दमलो रे मी. उतर आता."

एक. दोन. तीन.

इंजिन बंद झालं.

केबिनचं दार वाजलं. ट्रकची ड्रायव्हरकडची बाजू बोटभर वर आली, जड माणूस उतरल्यावर येते तशी.

धाकटा मटकन खाली बसला आणि पोटभर रडला. मग किल्ली काढायला केबिनमध्ये चढला. सीट गरम होती. कंबरेला बरं वाटलं, म्हणून तो जरा टेकला.

बॉनेटपलीकडे मडगार्डवर एक ठोका पडला.

नकळत त्याच्या पायाने पेडल दाबलं. इंजिन सुरू झालं.

शटर आपण पूर्ण वर केलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. केबिनमधला उजेड मात्र वीत वीत कमी होत होता.