खालची खिडकी

ताडपत्री झटकायची तर खांद्यातून, जीव खाऊन झटकायची, नाहीतर घडीतली वाळू घडीतच राहते, असं आत्याने चिमीला लहानपणीच शिकवलं होतं. त्या सकाळी चिमी तळ्याच्या काठावर आली आणि नावेवर घालायची नवीकोरी ताडपत्री तिने अशी काही झटकली, अशी काही फटकारली, की...

...की समोरचा काठच उडाला!

पाण्याच्या कडेला पसरलेले करडे गोटे होते ते. निदान चिमीला तरी आजवर ते गोटेच वाटत आले होते. एका क्षणात त्या गोट्यांना पंख फुटले. कोरं कापड एका दमात टर्रकन फाटावं तसा आवाज झाला आणि हजारो इवली पाखरं एकदम आभाळात गेली. ती डावीकडे वळली तर सगळी काळी झाली, उजवीकडे वळली तर सगळी चांदीची. कुणी हाक दिली नाही, कुणी खूण केली नाही, आणि तरी एकही पाखरू दुसऱ्याला धडकलं नाही. एवढं मोठं आभाळ, आणि कुणीतरी त्याची घडी मोडत होतं, पुन्हा घालत होतं...

"अहो! अहो बाई!" लव्हाळ्यातून एक उंच माणूस उठला. चिखलात पाय, गळ्यात दुर्बीण, केसांत गवत. "ते खाली ठेवा आधी!"

"काय खाली ठेवू?"

"ते... ते वादळ! हातातलं!"

चिमीने ताडपत्री खाली ठेवली, पण मान काही खाली आणली नाही. "तुमची आहेत का ही पाखरं?"

"माझी कशी असतील?"

"मग ओरडता कशाला?"

तो काहीतरी झणझणीत बोलणार होता. पहाटेपासून दबा धरून बसलेल्या माणसाला तेवढा हक्क असतोच. पण त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यात वळणारा, लखलखणारा सगळा थवा. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"पहिल्यांदाच बघताय?" त्याने हळूच विचारलं.

"याच काठावर लहानाची मोठी झाले मी," चिमी म्हणाली, "आणि... हो. पहिल्यांदाच बघतेय."

थवा दूरच्या कडेला उतरला. मग त्याने सांगितलं, की ही पाखरं दक्षिणेकडून आली आहेत, समुद्र ओलांडून. अजून तेवढंच अंतर उत्तरेकडे जायचंय, जिथे बर्फ वितळतंय, तिथे घरटी करायला. दर वसंतात ती या तळ्यावर थांबतात, पोटभर खातात आणि एक दिवस निघून जातात. त्यांचा अभ्यास करत तोही तळ्यामागून तळं करत उत्तरेकडे जातो.

"आणि असे गवतात लपता? तुमचे कान वरून दिसतात."

"मग काय करू? कापडाचा आडोसा असतो, खिडकी ठेवलेला, लपण म्हणतो आम्ही त्याला. माझं होतं ते वाऱ्याने फाटलं."

"मी देते शिवून. तुमची पाखरं उडवली ना, त्याची भरपाई समजा. माप घेतलं."

"घेतलं? कधी?"

"आत्ताच. उभे आहात ना समोर?"

"टेप न लावता?"

"टेप लावायला तिथे चिखलात कोण येणार? आमच्या दुकानात डोळ्याने माप घेतात. आजवर बोटभरही चुकलेलं नाही, विचारा कुणालाही."

चिमीच्या आत्याचं दुकान काठापासून हाकेच्या अंतरावर होतं. नावांची झाकणं, तंबू, दुकानांपुढच्या उन्हाच्या कनाती, जे जे जाड कापडाचं ते ते तिथे शिवलं जाई. आई-वडिलांमागे आत्यानेच चिमीला वाढवलं, दाभण धरायला शिकवलं आणि उंची बेताचीच राहिली म्हणून 'चिमी' हे नावही तिनेच ठेवलं. शिवताना आत्या गुणगुणत असे. यंत्राच्या पायाचा ठेका आणि तिच्या आवाजाचा हेल...

*उडालं गं पाखरू, पाण्यावर नाही खूण,*
*काठाचा गं चिखल, पाऊल ठेवी जपून...*

"कुणासाठी एवढे बारीक टाके?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "नावेला तर लांब टाका घालतेस."

"एक पाखरं बघणारे आलेत. त्यांच्यासाठी."

"तो होय! मघाशी खिडकीतून दिसला. लांब टांगा, लांब मान, चिखलात एका पायावर उभा. मला वाटलं बगळाच आहे."

"आत्या!"

"चिडलीस का गं? मी बगळ्याला बोलले."

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव बगळाच पडलं. चिमीनेही ते मनातल्या मनात वापरायला सुरुवात केली, आणि मनात वापरताना ते चिडवणं कमी कमी होत गेलं.

लपण तयार झालं. मातकट रंगाचं, चार काठ्यांवर उभं राहणारं, पुढे आडवी खिडकी आणि तिच्यावर गुंडाळून ठेवता येईल असा पडदा. दोघांनी ते उथळ कडेला रोवलं. बगळा आत गेला. बराच वेळ आतून काही आवाजच येईना.

"कसं झालंय?" चिमीने बाहेरून विचारलं.

"अगदी..." आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. "अगदी मापात."

"म्हटलं नव्हतं!"

"या ना आत. आधी तुम्ही बघा."

ती आत गेली. तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला तिने डोळा लावला, आणि श्वास घ्यायला विसरली. लांबून जे करडं, मळकट वाटत होतं ते हातभर अंतरावर येऊन उभं होतं. लांब सरळ चोच, ओले पाय, आणि छातीवर तांबूस रंग, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा.

"हा... हा कुणी रंगवला?"

"पाणटिवळा आहे तो. हिवाळाभर अगदी साधा राखाडी असतो. निघायची वेळ जवळ आली की असा रंगतो."

"कुणाला दाखवायला?"

"तिकडे कुणीतरी असेल की वाट बघत." तो हसला. "नसेल तर शोधेल बिचारा. रंग चढल्यावर गप्प कसं बसणार?"

चिमीने डोळा दुर्बिणीपासून काढला नाही. कान तापल्याचं तिला कळत होतं, आणि कान दुर्बिणीमागे लपवता येत नाहीत.

मग ती रोजच जाऊ लागली. ऊन चढायच्या आत, दुकान उघडायच्या आधी. ती आली की बगळा मागे सरके आणि म्हणे, "आधी तुम्ही." तिने टिलवे ओळखले, चिमणीएवढे, शिवणयंत्राच्या सुईसारखे भराभर चिखल टोचणारे. तिने चिखल्या ओळखल्या, चार पावलं धावून एकदम थबकणाऱ्या, काहीतरी विसरल्यासारख्या. ज्या चिखलाला ती आजवर नाक मुरडत आली होती, त्यात केवढं अन्न होतं, केवढी लगबग होती!

"हा टिलवा तुमच्या दोऱ्याच्या रिळाएवढासुद्धा भरणार नाही," एकदा तो म्हणाला. "आणि हा वाटेतले मोठाले डोंगर ओलांडणार."

"एवढंसं पाखरू? कशाच्या बळावर?"

"खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. आणि या पाणटिवळ्यांचं तर... निघायच्या आधी पोट, आतडी सगळं आक्रसतं. वाटेत नको ते ओझं. हृदय मात्र मोठं होतं."

पाण्यावरून गार झुळूक आली, पडदा हलला.

"खरंच मोठं होतं?"

"खरंच."

"दुखत नसेल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग घाईघाईने पाण्याकडे.

"कधी जाणार ही?" तिने विचारलं.

"वारा फिरला की. दक्षिणेचा वारा सुटला की एका संध्याकाळी उठतील."

"आणि तुम्ही?"

"दुसऱ्या दिवशी. पुढच्या तळ्यावर..."

आजवर वारा म्हणजे चिमीला ताडपत्री वाळवायची सोय, एवढंच ठाऊक होतं. आता झोपेतून उठल्या उठल्या ती दारातल्या कनातीची झालर बघू लागली, कुठल्या बाजूला फडफडतेय ते. झालर दक्षिणेकडे उडाली, म्हणजे वारा अजून उत्तरेचाच, की तिचा जीव भांड्यात पडे.

मधल्या काळात बगळ्याची कंबर धरली. उठताना हात पाठीवर जाई, चालताना तो जरा एका बाजूला कलंडे.

"काय झालं हो?"

"काही नाही. झोपेत आखडली असेल."

"एवढ्या लांब माणसाने पाय पोटाशी घेऊन झोपूच नये!"

आत्याने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, वर टोमणाही दिला, "बगळ्यांना कंबर असते हे मला आजच कळलं." तो लाजून लाल झाला. पाणटिवळ्यासारखा, चिमीला वाटलं.

आणि एके दिवशी उन्हं कलताना झालर उलटी उडाली.

चिमी हातातलं काम टाकून निघाली. काठावर वेगळीच गडबड होती. पाखरं खात नव्हती. पंख धूत होती, छोटे छोटे गट करून उठत होती, पुन्हा बसत होती, एकमेकांना हाका मारत होती. ती लपणापाशी आली. मागचा पडदा वाऱ्याने उडाला होता, आणि आत तिला बगळा दिसला. तिच्याकडे त्याची पाठ होती. गुडघे मुडपलेले, पाठ गळासारखी वाकलेली, मान आत खेचलेली, आणि असा कसाबसा तो खिडकीतून बघत होता.

शिवणाऱ्या बाईच्या डोळ्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. खिडकी खाली होती. चांगली वीतभर खाली होती! पण कसं शक्य आहे? माप तर तिने स्वतः...

तेव्हा तो चिखलात उभा होता. त्या पहिल्या सकाळी तो लव्हाळ्यातल्या खोल चिखलात रुतलेला होता, आणि तिने जेवढा वर दिसला तेवढाच मोजला.

"बाहेर या," ती म्हणाली.

तो दचकून उभा राहिला आणि केस छताला घासले.

"अगदी मापात, म्हणालात!"

"अं... मापातच आहे की."

"कुणाच्या? ही खिडकी माझ्या डोळ्याला आहे. तुम्ही इतके दिवस असे वाकून... आणि मी म्हणतेय झोपेत आखडली! बसायला काही घ्यायचं होतं."

"घेतलं होतं. स्टूल रुततं चिखलात."

"मग सांगायला काय झालं होतं? एका तासात उसवून वर केली असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं." तो थांबला. कमरेवरचा हात काढून त्याने उगीच दुर्बिणीचा पट्टा सारखा केला. "वर केली असती, तर तुम्हाला काय दिसलं असतं? नुसतं आभाळ. मग तुम्ही कशाला आला असता..."

चिमीला बोलायचं होतं. काय काय बोलायचं होतं! पण त्याच वेळी काठ उठला.

या खेपेला ताडपत्री झटकली नव्हती कुणी. आपणहून, आपल्या वेळेला, सगळी पाखरं एकदम उठली. मावळतीच्या उन्हात टिलव्यांचा ढग पाण्यावरून सरकत गेला, आणि त्याच्या वर पाणटिवळे, तांबूस छातीचे, एकमेकांना बोलावत, लांबच लांब ओळी करत. दोघांच्या डोक्यावरून ते गेले तेव्हा पंखांचा वारा गालाला लागला. चिमीने त्याचा हात कधी धरला ते तिला कळलं नाही. त्याने कधी घट्ट केला ते त्यालाही नाही. ओळी वर गेल्या, आणखी वर, दोऱ्यासारख्या बारीक झाल्या, आणि आभाळाने तो दोरा सुईत ओवून घ्यावा तशा दिसेनाशा झाल्या. आवाज मात्र अजून येत होता... मग तोही थांबला.

रिकाम्या काठावर पावलांची नक्षी राहिली होती, दूरवर, चिखलभर. आत्याचं गाणं चिमीला आठवलं आणि डोळे भरून आले.

"लपण काढून द्या," ती एवढंच म्हणाली. "सकाळी दुकानात या न्यायला."

सकाळी तो आला तेव्हा पाठीवर सामान होतं आणि चेहऱ्यावर उजाडलेलं नव्हतं. आत्या यंत्रावर बसली होती. त्याला बघून तिने दोऱ्याचं रीळ संपल्याचा बहाणा केला आणि आतल्या खोलीत गेली. जाताना दार मात्र फटीएवढं उघडं ठेवलं.

लपण मेजावर पसरलं होतं. चिमीच्या हातात टेप होती.

"इथे उभे राहा. पक्क्या जमिनीवर. बूट काढून."

"आता कशाला? चालतंय तसं..."

"उभे राहा म्हटलं ना!"

तो उभा राहिला. तिने टाचेशी टेप धरली आणि वर नेत गेली. गुडघा, कंबर, छाती... छातीपाशी टेप थरथरली. ती टेप धरणाऱ्या हाताने, की आतल्या ठोक्याने, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यापर्यंत पोचायला तिला टाचा उंचवाव्या लागल्या.

"निघायच्या वेळी मोठं होतं म्हणालात," ती पुटपुटली.

"खोटं नव्हतं ते."

तिने खडूने खूण केली आणि कात्री घेतली.

"उसवू नका!" तो कळवळून म्हणाला. "खालची खिडकी राहू द्या. हवं तर कंबर मोडू दे माझी."

"उसवतंय कोण? दुसरी कापतेय, वरती." कर्र कर्र कात्री चालली. जाड कापडातून उजेड आत आला. "ही तुमची. ताठ उभे राहून बघा."

"आणि... खालची?"

चिमीने मान वर केली नाही. खालच्या खिडकीचा पडदा तिने सोडला, दाभणात मेण लावलेला दोरा ओवला आणि चारी कोपऱ्यांना एकेक टाका घातला. पक्का, पण उसवता येईल असा.

"पाखरं परत येतात ना?"

"येतात. थंडी सुरू व्हायच्या आधी. याच वाटेने."

"याच तळ्यावर?"

"याच काठावर."

"मग तोवर हे टाके कुणासाठी उसवायचे नाहीत. पुढच्या तळ्यावर कुणी कितीही छान ताडपत्री झटकली तरी."

तो हसला, आणि पहिल्यांदाच, कमरेची पर्वा न करता, तिच्या डोळ्यांच्या उंचीला येईल इतका वाकला.

"आल्यावर ते तुम्ही उसवायचे," तो म्हणाला. "तोवर मी आभाळच बघेन."

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "बगळोबा! जाताना पिशवी घेऊन जा शेकायची. आणि परत आणून द्या हं, आमच्या घरात एकच आहे ती!"