वास्तुविशारदाची एक्केचाळीस खोकी

पहिलं खोकं फुटलं ते विद्यापीठाच्या टेकडीवर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर, ऑक्टोबरातल्या एका ओल्यागच्च मंगळवारी.

सिग्ने जेवून ग्रंथालयात परतत होती. तिच्या चार पायऱ्या पुढे एक उंच माणूस पुठ्ठ्याचं खोकं पोटाशी धरून चढत होता. खोक्याचा तळ भिजून असा लोंबत होता, की तिचाच जीव वरखाली व्हायला लागला. "अहो —" एवढंच ती म्हणाली, आणि तळ सुटला. नकाशांच्या गुंडाळ्या पायऱ्यांवरून घरंगळत निघाल्या. फोटो, पाकिटं, पेन्सिलीने खरडलेले कागद... सगळं पाण्यात.

सिग्नेने अंगातला रेनकोट काढून कागदांवर टाकला आणि गुडघे टेकून ती वेचायला लागली.

"कागद असे पावसात आणतात का?"

"बर्गनमध्ये पाऊस नसलेला दिवस सांगा, त्या दिवशी आणतो."

"प्लास्टिक नावाची वस्तू असते जगात!"

"तुम्ही अनोळखी माणसांना नेहमी असंच रागावता?"

"नाही. कागद भिजवणाऱ्यांनाच."

"मग बरं झालं भिजले ते," तो म्हणाला, आणि स्वतःच गडबडला. "म्हणजे — तसं नव्हतं म्हणायचं..."

त्याच्या भुवयांवरून पाणी गळत होतं. सिग्नेने हसू दाबायला मान खाली घातली, तर हातातल्या नकाशाच्या कोपऱ्यात नाव दिसलं : हाल्वार आस्केलान्.

ते नाव तिला ठाऊक होतं. चौतीस वर्षं विद्यापीठाचा वास्तुविशारद. टेकडीवरच्या निम्म्या इमारती त्याच्या पेन्सिलीतून उतरलेल्या. मागच्या वर्षी, त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याचे कागद हस्तलिखित विभागाला मिळणार होते, आणि त्यांची यादी करायचं काम सिग्नेकडेच आलं होतं.

"म्हणजे तुम्ही..."

"नातू. आउडुन. एकूण एक्केचाळीस खोकी आहेत. उरलेली चाळीस गाडीत."

"गाडीचा तळ तरी शाबूत आहे ना?"

तो खळखळून हसला. त्या दुपारी दोघांनी टिपकागदाच्या घड्यांत एकेक पान ठेवून वाळत घातलं. त्याच्या हातांना डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास येत होता. बंदरावर तो जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करायचा. निघताना तो म्हणाला, "मला ‘तू’ म्हणत जा. ‘तुम्ही’ म्हणून रागावलं की फार लागतं."

कामात एक अडचण निघाली. हाल्वारचं अक्षर कुणाला लागेना. मुंग्या दौतीत बुडवून कागदावर सोडाव्यात, तसं ते अक्षर. ते वाचू शकणारा माणूस बर्गनमध्ये एकच होता. मग आउडुन दर गुरुवारी यायला लागला.

त्यालाही एक मर्यादा होती. कागद कायद्याने आउडुनच्या गुडवेग आत्याच्या मालकीचे होते, आणि देताना तिने अट घातली होती. इमारतींचे कागद सगळ्यांना खुले, पण घरचा खासगी पत्रव्यवहार पन्नास वर्षं मोहोरबंद. यादी करणाऱ्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. त्यामुळे इमारतींची खोकी दोघं मिळून बघायची आणि घरची सिग्ने एकटी, त्याच्याकडून शिकून जेवढं अक्षर लागायला लागलं होतं तेवढ्यावर.

"काय लिहिलंय आजोबांनी माझ्याबद्दल?" तो विचारायचा.

"सांगता येत नाही."

"वाईट आहे का?"

"पन्नास वर्षांनी ये."

"सत्त्याऐंशी वर्षांचा होईन. तू असशील ना इथे?"

"असेन... काठी टेकत. आणि तेव्हाही रागावेन."

दुपारी दोघं खाली उपाहारगृहात जायची. गुरुवारी तिथे बटाट्याचे गोळे आणि खारवलेलं मटण असायचं. सिग्ने तेहतीस वर्षांची होती, एकटी राहायची. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून रेडिओ लावून स्वयंपाक करायची. पण हल्ली बुधवारी संध्याकाळी ती रेडिओ लावायला विसरत होती.

एकदा गोळ्याचा तुकडा काट्याने इकडून तिकडे ढकलत आउडुन म्हणाला, "बाबा समुद्रात बुडाले तेव्हा मी सहाचा होतो. आई समुद्रापलीकडच्या फारो बेटांवरची. त्यानंतर दोन महिन्यांनी बोटीत बसली आणि माहेरी निघून गेली. आजोबांनी मला धक्क्यावर नेलं होतं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही."

"तुला आठवतं?"

"आजोबांनी सांगितलं." त्याने काटा खाली ठेवला. "एक पत्र नाही की वाढदिवसाचं कार्ड नाही. मी वाढदिवस पाळतच नाही. पण आजोबा होते ना. ते पुरेसे होते मला."

सिग्नेला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. हात टेबलाच्या मध्यापर्यंत गेलाही... आणि तिने मिठाची बाटली उचलली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, तिने तेविसावं खोकं उघडलं. त्यात ‘सांडपाण्याचे नळ, विज्ञान इमारत’ अशी एक जाड फाईल होती. असली फाईल कोण कशाला उघडेल? सिग्नेचं कामच ते, म्हणून तिने उघडली. नळांच्या नकाशांमध्ये सुतळीने बांधलेली एकोणीस पाकिटं होती. सगळ्यांवर एकच नाव : आउडुन आस्केलान्. प्रत्येकाच्या पाठीवर फारो बेटांवरच्या क्लाक्सविकचा पत्ता आणि मार्युन हे नाव. टपालाचे शिक्के दर वर्षीच्या नोव्हेंबरातले, विसाव्या तारखेच्या आसपासचे.

एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

सिग्नेने सुतळी न सोडता पाकिटं फाईलमध्ये परत ठेवली. मग तिने विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "घरची पत्रं म्हणजे मोहोरबंद. आत्याबाईंनी लेखी परवानगी दिली, तरच देता येतील."

दुसऱ्या दिवशीचा गुरुवार तिने सर्दीचं निमित्त सांगून टाळला आणि गुडवेग आत्याकडे गेली. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ कण्याची. सिग्नेने पाकिटांचं सांगितलं, तसं तिने कॉफी ओतणं थांबवलं.

"तू वाचलीस?"

"नाही. कुणीच वाचली नाहीत. तुमच्या वडिलांनीसुद्धा नाही."

आत्या खुर्चीत बसली. "मला वाटायचं, बाबांनी जाळली असतील. टाकताही आली नाहीत बघ त्यांना."

"पण आउडुनच्या आई त्याला सोडून गेल्या होत्या ना?"

"मार्युन आजारी होती गं. नवरा बुडाला आणि ती अंथरुणाला खिळली. तीन महिने माहेरी राहून परत येणार होती. पण बाबांचा एकुलता एक मुलगा गेला होता. नातू हातचा सोडायला ते तयार नव्हते. एकदा आली होती ती, पोर शाळेत असताना. बाबांनी दार उघडलं नाही." आत्याने कप खाली ठेवला. "मी वरच्या खिडकीत उभी होते. मीही उघडलं नाही."

"मग आता तरी आउडुनला द्या ती."

"मी स्वतः सांगते त्याला. थोडे दिवस दे मला. तू बोलू नकोस. वचन दे."

सिग्नेने वचन दिलं. तिथेच ती चुकली.

पुढच्या गुरुवारी आउडुन आला तो शीळ घालत. आत्या काही बोलली नव्हती. "सर्दी गेली?" त्याने विचारलं. "तू नव्हतीस तर ते गोळे अगदीच बेचव लागले." सिग्ने हसली, त्याच्या थट्टेला उत्तरं देत राहिली, आणि घरी जाऊन कोट न काढताच पलंगावर पडली. तिने आत्याला फोन केला. "सांगते, सांगते," आत्या म्हणाली. आणखी चार दिवसांनी केला. "आता सांगून काय मिळणार आहे?" आत्या म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतरचा गुरुवार वीस नोव्हेंबरचा. सिग्नेने सकाळी बेकरीतून दालचिनीचा मोठा बन घेतला. का घेतला, हे तिला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं, की आजचा दिवस त्याचा असा कोरडा जाऊ नये.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. वाढदिवस ना आज..."

शब्द तोंडातून गेले, तेव्हा तिला चूक कळली. आउडुनचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"तुला कुणी सांगितलं?"

ग्रंथालयाच्या कार्डावर पाहिलं, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही. तिने ते गिळलं.

"पाकिटांवरच्या शिक्क्यांवरून अंदाज केला," ती म्हणाली. "तुझ्या आईची पत्रं आहेत, आउडुन. एकोणीस. तुझ्या नावाची."

त्याने बन टेबलावर ठेवला. तिने सगळं सांगितलं. फाईल, आत्या, बंद राहिलेलं दार... सगळं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पंधरा दिवस."

"म्हणजे गेल्या गुरुवारी तू माझ्यासमोर बसून हसत होतीस..."

"हो."

"हे माहीत असून."

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता भिंतीवर लावलेल्या आजोबांच्या नकाशाकडे बघत राहिला, जणू त्यातली एखादी भिंत चुकली होती. सिग्ने उठली, तळघरातून पाकिटं घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. ना कुणाची सही, ना कुणाची परवानगी. त्याने ती जाकिटाच्या आत ठेवली, छातीपाशी, आणि निघून गेला. बन टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांनी रीतसर समज दिली आणि खोकी दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर हलवली. विझलेल्या दिव्यासारखा डिसेंबर सुरू झाला. तीन वाजता अंधार पडायचा. एकदा धीर करून ती बंदरावर गेली. ताडपत्रीखाली अर्धवट होडी होती, आणि एक म्हातारा सुतार फळी तासत होता.

"आउडुन? तो फारोला गेलाय. कधी येणार, ते नाही बोलला."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सिग्नेने गुरुवारी उपाहारगृहात जाणं सोडलं. आपण त्याची आई त्याला दिली, की आजोबा त्याच्याकडून काढून घेतले? दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींचं ओझं सारखंच होतं.

मार्चमध्ये, एका दुपारी, फोन वाजला.

"सिग्ने?"

"ऐकतेय..."

"पत्रं वाचली. रोज एक. त्याहून जास्त जमत नव्हतं." फोनमध्ये वाऱ्याचा आवाज होता. "आई आहे, सिग्ने. जिवंत आहे."

"आउडुन!"

"पण... पासष्टीतच स्मरण गेलंय तिचं. पत्रं थांबली, तीही त्यामुळेच. तिला मुलगा आठवतो. सहा वर्षांचा. तो बोटीने येणार आहे म्हणून रोज खिडकीत बसते. मी रोज तिच्या शेजारी बसतो. मी कुणीतरी भला माणूस आहे, एवढंच तिला ठाऊक." त्याचा आवाज उतरला. "तुझा फार राग आला होता मला. मग एक दिवस लक्षात आलं, बाकी कुणी तीस वर्षं बोललं नाही. तू पंधरा दिवस."

"पंधरा दिवसही जास्तच होते."

"होतेच." पुन्हा नुसता वारा. "ईस्टरला सुट्टी असते ना तुला? इथे पाऊस आडवा पडतो. आणि थंडीही बरीच आहे."

"हे आमंत्रण आहे की हवामानाचा अंदाज?"

कितीतरी दिवसांनी तिला त्याचं हसू ऐकू आलं. बारीक, दमलेलं... पण त्याचंच.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी ती क्लाक्सविकला पोचली. आउडुन वाळला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने तिची बॅग उचलली. "तळ शाबूत आहे," असं काहीतरी पुटपुटला, आणि ती हसली तेव्हा तिचे डोळे भरून आले.

वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत लोकरीचा आणि कॉफीचा वास होता. मार्युन खिडकीशी बसली होती. अंग किरकोळ, केस नीट विंचरलेले. नॉर्वेजियन ती अजून सुरेख बोलायची. हरवली होती ती मधली वर्षं.

"आज बोटीला उशीर झालाय," ती म्हणाली.

"समुद्र खवळलाय ना," आउडुन तिच्या शेजारी बसत म्हणाला. रोजचंच हे संभाषण असावं.

मग तिची नजर दाराकडे गेली. "आणि ही कोण?"

"ही सिग्ने."

"तुझी कोण लागते?"

आउडुनने सिग्नेकडे पाहिलं. सहा महिने जे दोघांनी थट्टेत घोळवलं होतं, मिठाच्या बाटलीआड लपवलं होतं, ते त्या साध्या प्रश्नापुढे लपवता येईना.

"माझं प्रेम आहे हिच्यावर," तो म्हणाला.

मार्युनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तिला माहीत आहे का?"

"आत्ता कळलं," सिग्ने कशीबशी म्हणाली. "आणि... माझंही आहे."

"मग उभी का? बस की!" मार्युनने शेजारच्या खुर्चीवरची लोकर उचलून मांडीवर घेतली. सिग्ने बसली. मार्युनने आउडुनचा हात हातात घेऊन थोपटला, जरा विचार केला.

"चांगला मुलगा आहेस तू. पण असल्या गोष्टी आधी आईच्या कानावर घालाव्यात. तुझ्या आईला सांगितलंस का?"

आउडुनने आईच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"हो," तो म्हणाला. "आत्ताच सांगितलं."

"मग ठीक," मार्युन म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड वळवून पुन्हा बोटीची वाट बघू लागली.