सिरिसोम अय्यांची बारावी खेप

आमचे सिरिसोम अय्या, म्हणजे माझे थोरले दीर, अकरा वेळा श्रीपादाच्या शिखरावर, बुद्धाच्या पाऊलखुणेच्या दर्शनाला, जाऊन आले होते. हे अख्ख्या केगल्ल गावाला माहीत होतं, कारण अय्या ते अख्ख्या गावाला सांगत. दरसाल पांढरे कपडे पिशवीत कोंबून एकटेच निघायचे आणि दोन-तीन दिवसांनी कित्तुल माडाच्या गुळाची ढेप घेऊन परतायचे. माझा नवरा गेल्यावर माझ्या दिलिनीला बापाची माया त्यांनीच दिली, तेव्हा त्यांच्या बढाया मी कौतुकाने ऐकून घ्यायची. मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटते, भुताखेतांशी माझा संबंध नाही.

दिलिनीचं लग्न जमत आलं तेही त्या अकरा खेपांच्या जोरावर. मुलाचे वडील वीरक्कोडी महत्तया, म्हणजे वीरक्कोडी साहेब, निवृत्त हेडमास्तर. खोट्याची त्यांना भारी चीड. थोरल्या मुलाच्या वेळी मुलीच्या पत्रिकेत जन्मवेळ फिरवलेली सापडली, तर गृहस्थ भरल्या ताटावरून उठून आले होते.

"असा माणूस ज्या घरात आहे, ते घर मला पसंत आहे," ते अय्यांना म्हणाले. "आपण सगळे मिळून शिखरावर जाऊ. जथ्याचे म्होरके तुम्ही. खाली उतरलो की तारीख धरू."

तोवर अय्यांचा गुडघा ठणठणीत होता. त्या दिवसापासून तो दुखायला लागला.

वीरक्कोडी महत्तयांना रात्री नीट दिसत नाही, म्हणून आम्ही उजाडल्यावर चढायला लागलो. पुढे अय्या, मागे महत्तया आणि मी, आणि सगळ्यांत मागे दिलिनी आणि तिचा तो, मुद्दाम हळूहळू. सीतगंगुल ओढ्याच्या गार पाण्यात तोंडं धुतली. तिथून अय्या जे तरातरा निघाले ते थेट एका मळेवाल्याच्या गोठ्यात.

"अय्या, वाट इकडे," महत्तया म्हणाले.

"माहीत आहे. गाय बघत होतो."

अर्ध्या तासाने ते पायरीवर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "अजून किती राहिलं?"

हा प्रश्न डोंगरावर विचारायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. महत्तयांच्या भुवया वर गेल्या. मी घाईघाईने हसले. "नवख्यांची परीक्षा घेतायत. कोण उत्तर देतंय ते बघतायत."

अय्यांनी मान डोलावली. ही कला त्यांना जन्मजात होती.

अय्यांना इथे कुणी ओळखलं नाही तर, म्हणून पहिल्या चहाच्या टपरीवर मी मनातून धास्तावले होते. टपरीवाली बाई अय्यांना बघताच उठली. "आलात महत्तया? यंदा उशीर केलात." न विचारता तिने बिनसाखरेचा चहा दिला आणि गुळाचा खडा वेगळा, बशीच्या डाव्या कडेला. घरी अय्या तस्साच चहा घेतात.

वीरक्कोडी महत्तया धन्य झाले. अय्यांचा चहा मात्र बशीत सांडला.

वरच्या विसाव्याच्या पडवीत एक म्हातारा अंग मुडपून झोपला होता. आमची चाहूल लागताच उठला आणि अय्यांपुढे वाकला.

"गेल्या साली या पुण्यवंताने मला पाठीवर घेऊन खाली नेलं," तो आम्हाला म्हणाला. "अख्ख्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत."

घरी अय्या पाण्याची बादली उचलत नाहीत. आणि गप्प? ते झोपेतही बोलतात.

बुद्धाने जिथे चीवर शिवलं म्हणतात, त्या सुई-दोऱ्याच्या टप्प्यावर दिलिनी आणि तो मुलगा रिवाजाप्रमाणे कठड्याला पांढरा दोरा गुंडाळत होते. दोघं हसत होती. अय्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं.

"यसवती, मी वर कधी गेलेलोच नाही. हॅटनला माझा एक दोस्त आहे. त्याच्याकडे कॅरम खेळायचो."

"अकराही वेळा?"

"एकदा पत्ते होते."

मला हसू आलं आणि रडूही. "मग ही माणसं तुम्हाला ओळखतात कशी?"

"तेच तुला विचारतोय. तू शिकलेली आहेस."

"तुमच्यासारखा दिसणारा कुणी असेल."

"दिसणारा असेल गं. पण माझ्यासारखा चहा पिणारा?" त्यांचा चेहरा पार उतरला होता. "हे बघ, वर घंटेला जितक्या खेपा तितके टोल द्यायचे असतात. मी एकच देणार. इथे खोटं वाजवायला माझा हात धजणार नाही."

"महत्तया तिथूनच परत फिरतील. अय्या, जरा दिलिनीकडे बघा."

त्यांनी बघितलं. मग सारोंगच्या टोकाने डोळे पुसले. "एकच, यसवती."

शिखरावर धुकं इतकं दाट होतं की पादुकांच्या देवळाचं छप्पर दिसत होतं, भिंती दिसत नव्हत्या. घंटा पलीकडे होती. अय्या लंगडत तिकडे गेले आणि दोन पावलांत दिसेनासे झाले. मी हात जोडले. डोंगराच्या राखणदार समन देवापाशी मी चांगलं काही मागितलं नाही. या माणसाला आणखी एकदा खोटं बोलू दे, एवढंच मागितलं.

पहिला टोल पडला. मग शांतता.

दिलिनीचं सगळं संपलं, असं मला वाटलं.

मग दुसरा पडला. तिसरा. संथ, स्वच्छ, सरावाच्या हाताचे. बारा.

"साधू, साधू," महत्तया म्हणाले.

अय्या धुक्यातून बाहेर आले.

मी पुढे झाले आणि हळूच म्हटलं, "उपकार झाले, अय्या."

बसमध्ये जागा दिल्याबद्दल आभार मानणाऱ्या परक्या बाईकडे बघून आपण हसतो, तसे ते हसले.

उतरताना तेच पुढे होते. पाय कुठेही अडखळत नव्हता. ओल्या पायऱ्यांवर महत्तयांना हाताला धरून उतरवत होते. बोलत मात्र नव्हते.

"अवुरुदूच्या, नव्या वर्षाच्या सणाआधीच उरकून टाकू," महत्तया मला म्हणाले. "अशा माणसाच्या घरातली मुलगी करून घेताना काय विचार करायचा?"

मागे दिलिनी खळखळून हसली.

तेवढ्यात वर घंटा वाजली.

एकदाच. दबकत, जरा वाकडी.

आम्ही सगळे थांबलो. मी दुसऱ्या टोलाची वाट बघितली. तो आला नाही.

"कुणीतरी नवखा पोचला," महत्तया म्हणाले. "समन देव त्याला सुखरूप उतरवो."

मी वर बघितलं. धुक्यात पायऱ्या दिसत नव्हत्या.

"आई, चल ना," दिलिनी म्हणाली.

खालच्या पायरीवर सिरिसोम अय्या उभे होते, माझ्यासाठी हात पुढे करून, काही न बोलता.

मी तो धरला आणि उतरू लागले.