नोरा अज्जीचा जन्मदाखला

"काका, अज्जीचा जन्मदाखला चोरीला गेलाय! लगेच या!"

सिद्धेश्वरीचा फोन आला आणि निवृत्त फौजदार अण्णारावांचा सकाळचा चहा बशीतच राहिला. ऊन असं, की सात रस्ता चौकातल्या सिग्नलचे तिन्ही दिवे वितळून एकच रंग झालेला. शिव्या घालत ते जुळे सोलापुरात तिच्या घरी पोचले.

पोरीची अज्जी मूळची आयर्लंडची नोरा. नर्स म्हणून आली, मल्लप्पांशी लग्न करून, लिंगायतांची लिंगदीक्षा घेऊन पार्वतम्मा झाली, इथल्याच मातीत गेली. तिच्या अस्सल दाखल्यावर नातीला तिकडचं नागरिकत्व मिळणार होतं. आज कागद रवाना झाले नाहीत, तर डब्लिनची नोकरी गेली.

मल्लप्पा अज्जा पूजेला बसले होते. तळहातावरचं लिंग त्यांनी फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधलं. दोऱ्यानं आवळलेली चांदीची डबी बनियनवर सारखी केली.

"बर्री, या फौजदार."

"अज्जा, दाखला पाहिलात?"

"मला इंग्रजी येतंय व्हय?"

"बायको इंग्रजच होती की!"

"आयरिश! इंग्रज म्हटलं की लाटणं फेकायची."

अण्णाराव अज्जांच्या मुलाकडे, सिद्धेश्वरीच्या बापाकडे वळले. "शरणबसव, पोरगी जाऊ नये असं वाटतंय ना?"

"वाटतंय की. पण दाखल्यांपायी कचेऱ्या कुणी पालथ्या घातल्या? मीच."

कपाट झालं, गाद्या झाल्या, कूलर उघडून झाला. पिठाच्या डब्यानं अण्णारावांच्या मिशा पांढऱ्या केल्या. जिला बघून दरोडेखोर कबुली देत, त्या मिशीला एक कागद दाद देईना!

"राहू द्या काका," सिद्धेश्वरीनं पिठाचा डबा बंद केला. "नाहीच जात मी."

अज्जांचा हात डबीवर गेला.

अण्णाराव शिंकता शिंकता थांबले. "बसा सगळे. अज्जा लिंग अंगावेगळं करणार नाहीत, केलंही नाही. पण लिंगाचं घर ही डबी. घर गळ्यात, लिंग फडक्यात. मग दोरा बांधावा लागेल इतका फुगलेला भाडेकरू आत कोण?"

अज्जांनी दोरा सोडला. विभूतीच्या वासाची कागदाची घडी बाहेर पडली.

"तिचं लिंग तिच्या हातात देऊन पुरली मी तिला," ते पुटपुटले. "तिनं परत जायचं नाव काढलं न्हाय कदी. मग तिचा कागद का जातोय?"

"अज्जा, मला सांगायचं तरी!" सिद्धेश्वरी कडाडली.

"सांगितलं असतं तर रडली असतीस. मग दिला असता मी."

ती कागदावरून इस्त्री फिरवू लागली. अज्जांनी लिंग डबीत ठेवलं. कडी बसेना. अण्णारावांनी दाबली, शरणबसवनं ठोकली. कागदानं ती कायमची ताणली होती.

अज्जांनी पुन्हा फडकं बांधलं. रिकामी डबी नातीच्या हातात ठेवली.

"तुज्या अज्जीच्या गावातनं दुरुस्त करून आण."

"तिकडनं पाठवते, अज्जा."

"आण म्हणलोय. पाठव न्हाय."