वेगा सेकाच्या पिंपातलं पेट्रोल

ही गोष्ट कुणी खोटी ठरवली, तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

पण ती खरी आहे. माझ्या बायकोच्या, बेनिताच्या, डोळ्यांदेखत घडलेली. सोबत तिचा थोरला भाऊ एलेउतेरियो होता. दोघांनीही मला वेगवेगळं बसून सांगितलंय. कुठेच फरक नाही.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. अकरा तारीख, गुरुवार. जुलै म्हणजे आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, ऐन हिवाळा. आरिझारोच्या मिठागराच्या काठावर आमचं गाव आहे, चाळीस-एक उंबऱ्यांचं. पेट्रोलपंप नाही. महिन्यातून एकदा टँकर येतो, गावच्या पिंपांत पेट्रोल ओततो आणि जातो.

त्या जुलैत टँकरला तीन आठवडे उशीर झाला होता. घाटात बर्फ पडलं होतं.

आणि बेनिताची आई, प्रिमितिवा, एकशे साठ किलोमीटरवर आग्वा चिकाला आपल्या लामांजवळ, त्या लोकरीच्या जनावरांजवळ, एकटी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गावात येऊन राहा म्हटलं की म्हणायची, "गावात काय तुमची तोंडं बघत बसू?" तिच्याकडे हातात धरून बोलायचा रेडिओ होता. रोज संध्याकाळी "जिवंत आहे गं" एवढं सांगायची.

नऊ दिवस तेवढंही ऐकू आलं नव्हतं.

"आज निघायलाच हवं," बेनिता भावाला म्हणाली. "पांढरा वारा सुटला, बर्फ उडायला लागलं, की कधीकधी आठवडाभर कुणी हलत नाही."

"निघू गं. पण कशावर? पाण्यावर चालते का गाडी?"

त्याच्या जुन्या पिकअपमध्ये पंधरा लिटर होतं. त्यात गाडी जेमतेम वेगा सेकापर्यंत जाते. वेगा सेका म्हणजे नव्वद किलोमीटरवरचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. तिथे फाबियानकाका राहायचे. रेल्वे गेली, हे राहिले. स्टेशनच्या मागे पेट्रोलचं पिंप ठेवायचे आणि अडलेल्यांना द्यायचे.

बेनिताने गाडीतला रेडिओ उचलला.

"फाबियानकाका... वेगा सेका... आहात का?"

नुसती खरखर.

तिने पुन्हा हाक मारली. एलेउतेरियो खिडकीबाहेर बघत होता. चेहरा पांढराफटक. तेव्हा तिला त्याचं कारण कळलं नाही.

मग खरखरीतून आवाज आला.

"आहे. या."

एलेउतेरियोने खाडकन मान वळवली. "काका! बरे आहात?"

"आहे रे. पेट्रोल आहे. चाळीस लिटर. या."

बेनिता सांगते, त्या क्षणी तिचा भाऊ लहान पोरासारखा हसला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. "चल, चल लवकर," म्हणाला. एवढा आनंद कशाचा, हे विचारायला तिला सवड नव्हती.

दुपारी बाराच्या सुमारास ते पोचले. ऊन लखलखीत, पण अंगाला लागत नव्हतं. धुराड्यातून धूर नाही. काकांची कोंबडी नाही. दाराला आतून कडी.

"काका! पीठ आणलंय तुमच्यासाठी. चघळायला कोकाची पानंही आणलीत. उघडा!"

दारापलीकडे काहीच हललं नाही.

मागे गाडीतला रेडिओ बोलला...

"अंथरुणात आहे रे. थंडी वाजते. पिंप मागे आहे, घ्या."

दोघंही दचकले. आवाज दारातून यायला हवा होता. माणूस चार पावलांवर, आणि बोलतोय रेडिओवरून.

"म्हातारा झालाय," एलेउतेरियो म्हणाला. "उठवत नसेल."

त्याने पिठाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. मागे जाऊन पिंपात रबरी नळी सोडली आणि तोंडाने ओढली. पेट्रोल असं ओढलं की घोटभर तोंडात येतंच. मग माणूस थुंकतो, शिव्या देतो. एलेउतेरियो तर दर वेळी देतो.

त्या दिवशी तो थुंकलाही नाही.

नळीतून डब्यात पेट्रोल पडायला लागलं. गुळगुळ आवाज. दोन डबे भरले. चांगले जड. बेनितानेच उचलून टाकीत ओतले. थोडं तिच्या हातावर सांडलं. तिने हात नाकाशी नेला...

कसलाच वास नाही.

"दादा, याला वास का येत नाही?"

"थंडीने नाक बसलंय तुझं. बस गाडीत."

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. ती गाडी हिवाळ्यात कधीच पहिल्या झटक्यात चालू होत नसे.

"किती द्यायचे, काका?" एलेउतेरियोने रेडिओत विचारलं.

"काही नको. येताना मला घेऊन जा."

एलेउतेरियोने रेडिओ जागेवर ठेवला.

पुढे अजून सत्तर किलोमीटर होते. बेनिताने हीटर लावला. वारा येत होता, पण गार. तिने खाली वाकून हात लावून बघितला. गारच.

मग तिचं आरशाकडे लक्ष गेलं. एवढ्या थंडीत गाडीमागे पांढऱ्या धुराची शेपूट असते. त्या दिवशी मागे नुसता रिकामा रस्ता होता. धुरळा तेवढा उडत होता.

वाटेत थांबले तेव्हा तिने बॉनेटवर हात ठेवला.

दोन तास चाललेल्या गाडीच्या बॉनेटवर हिम धरलं होतं.

बोलून करणार काय? आई पुढे होती. आणि परत फिरायलाही तेच पेट्रोल लागणार होतं.

आग्वा चिकाला चार वाजता पोचले. आई गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकून उन्हात बसली होती. ओठ निळे. खोकल्याने कंबर वाकलेली. रेडिओची बॅटरी मेली होती, सरपण संपलं होतं. बेनिताने तिला मिठी मारली तर हाडंच हाताला लागली.

"आलात? मला वाटलं, मी मेल्यावरच येणार."

"बडबड नको आई. गाडीत बस."

आई गाडीपर्यंत आली आणि थांबली. तिने नाकाने हवा ओढली. एकदा... दोनदा.

"पेट्रोल कुणाचं?"

"फाबियानकाकांचं," बेनिता म्हणाली.

आईने मुलाकडे बघितलं. एलेउतेरियोने मान खाली घातली.

"तो जूनमध्ये इथे आला होता," आई म्हणाली. "सत्तर किलोमीटर, चालत. दारात उभा राहिला. मी म्हटलं, आत ये, चुलीपाशी बस. बसला नाही. म्हणाला, गाडी शोधतोय. मी वळून भांडं उतरवलं आणि बघते तर नाही. बाहेर पाऊलही उमटलेलं नव्हतं."

पश्चिमेकडचं आभाळ एव्हाना राखेसारखं झालं होतं. पांढरा वारा येत होता. तिथे सरपण नाही, औषध नाही, रेडिओ नाही.

"मी या गाडीत बसणार नाही," आई म्हणाली.

"मग इथे मरशील," एलेउतेरियो ओरडला. आईवर तो आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल.

आईने लामांकडे बघितलं. सहाच उरल्या होत्या. तिने गोठ्याचं दार उघडं सोडलं.

"चला. इथे तरी काय वेगळं होणार आहे?"

परतीच्या वाटेवर वारा सुटला. बर्फ आडवं येत होतं. आई मध्ये बसली होती, दोन घोंगड्यांत गुंडाळलेली. गाडीच्या आत त्यांच्या श्वासाचं काचेवर बर्फ होत होतं. बेनिता आईचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती. पायांना गरमी येत नव्हती. इंजिन चालू होतं, चाकं फिरत होती, आणि गाडीत ऊब म्हणून कणभर नव्हती.

"थांबू नकोस त्याच्यापाशी," बेनिता भावाला म्हणाली. "सरळ गावाला."

"नाही थांबत."

काटा अर्ध्यावर होता. पुरेसं होतं.

बरोबर वेगा सेकाच्या दारासमोर गाडी बंद पडली.

आचका नाही, धक्का नाही. आवाज थांबला, इतकंच. काटा अजून अर्ध्यावर. एलेउतेरियोने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. रेडिओ उचलला. खरखरही नाही.

दुपारी आतून कडी लावलेलं ते दार...

आता सताड उघडं होतं.

गाडीत राहिले असते तर तासाभरात गोठले असते. म्हणून आत गेले.

फाबियानकाका खाटेवर होते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड रेडिओकडे. आमच्या कोरड्या थंडीत माणूस कुजत नाही, सुकतो. ते सुकून लहान झाले होते. महिना तरी झाला असेल. रेडिओची बॅटरी फुटून पांढरी झाली होती. तार जोडलेलीच नव्हती.

बेनिता किंचाळली नाही. तिला किंचाळी सुचलीच नाही.

आई खाटेजवळ जमिनीवर बसली आणि मेलेल्या माणसाला म्हणाली, "आले रे. आता पुरे कर."

त्यांनी खुर्ची तोडली, फळी तोडली, चूल पेटवली. उशीर झाला होता. रात्री दहाच्या सुमारास आईचं डोकं बेनिताच्या खांद्यावर कललं. श्वास दोनदा अडकला... आणि मग आलाच नाही.

त्यानंतर एलेउतेरियो बोलला.

"जूनमध्ये काकांनी मला हाक मारली होती. रेडिओवर. छातीत दुखतंय, ये, घेऊन जा म्हणाले. माझ्याकडे वीस लिटर होतं. जायला पुरलं असतं, यायला नाही."

"मग?"

"मी आवाज बारीक केला."

"कुणाला तरी सांगायचं, दादा!"

"सांगितलं असतं तर माझंच पेट्रोल मागितलं असतं सगळ्यांनी. रात्रभर हाक मारत होते गं. मला वाटलं, सकाळपर्यंत बरं वाटेल त्यांना." तो भिंतीशी बसला होता. "आज नळी ओढली तेव्हा तोंडात काही आलंच नाही. चव नाही, ओल नाही. मला तिथेच कळलं होतं. पण आई..."

बेनिता सांगते, तिला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी, आपणही हेच केलं असतं का, असंही वाटलं.

सकाळी वारा पडला. तिने मागे जाऊन पिंपावर थाप मारली. पोकळ. तळाला हात जाईल एवढं भोक, कडा गंजलेल्या, खालची वाळू कोरडी ठणठणीत. गाडीच्या टाकीत काठी घातली. काठीला धूळ लागून आली.

टाकी आतून गंजली होती. एकशे चाळीस किलोमीटर ती गाडी कशावर चालली, हे आमच्याकडचा एकही मेकॅनिक सांगू शकलेला नाही.

दुपारी खाणीचा ट्रक आला. चालक सातुर्निनो, चाळिशीचा, ओळखीचा नाही. तो उतरला, बेनिताला बघून त्याने छातीवर क्रूस काढला आणि विचारलं, "बाई, तुम्हीच का ती मुलगी?"

"कुठली मुलगी? तुम्हाला कुणी सांगितलं आम्ही इथे आहोत?"

"रेडिओवर बोलावलं की. आज सकाळी आठ वाजता. म्हातारी बाई होती. खोकत होती."

बेनिताने आत घोंगडीखाली झाकलेल्या आईकडे बघितलं. आईचा रेडिओ आग्वा चिकाला पडला होता, मेलेल्या बॅटरीसकट. आणि आठ वाजता आईला जाऊन दहा तास झाले होते.

"काय म्हणाली ती?"

तेवढ्यात एलेउतेरियो दारातून बाहेर आला. त्याला बघताच सातुर्निनो दोन पावलं मागे सरला.

"बोला ना. काय म्हणाली?"

"म्हणाली, वेगा सेकाला माझी मुलगी जिवंत आहे, तिला घेऊन जा." त्याचा आवाज उतरला. "बाकीच्या तिघांना गुंडाळायला काहीतरी आणा."

त्याने ट्रकच्या मागे ताडपत्र्या आणल्या होत्या. तीन.

दोन वापरल्या. एकीत फाबियानकाका, एकीत आई.

सगळा रस्ता एलेउतेरियो तिसरीकडे बघत बसला. गावात उतरल्यावर बेनिता ती परत द्यायला गेली. सातुर्निनोने हात मागे घेतले. "नको बाई. ती त्यांची आहे," म्हणाला आणि निघून गेला.

याला चार वर्षं झाली. एलेउतेरियो जेवतो, हिंडतो, विचारलं तर बोलतो. गाडी पुन्हा चालवली नाही. आमच्या शेजारच्या घरात एकटाच असतो. ताडपत्री त्याच्या खाटेखाली आहे, घडी न मोडलेली. फेकून दे म्हटलं तर फेकत नाही.

बेनिता रोज संध्याकाळी त्याला जेवण घेऊन जाते. दार वाजवते. आतून "ये" ऐकू येईपर्यंत मी आमच्या अंगणात उभा असतो.

हल्ली त्या "ये"ला जरा जास्तच वेळ लागतो...